समुद्राकाठचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या माण तालुक्यात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारा आभाळाचा तुकडा! अशा मुलुखात वाढलेल्या मला वसतिगृहात खोलीमित्र मिळाला तो रत्नागिरीचा. रात्री दिवा मालवल्यावर तो समुद्राच्या गोष्टी सांगे. "घरी काय करतात?" असे मी एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मासळीचा धंदा आहे." त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "शेती आहे." दोघांनीही पुढे काही विचारले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आग्रहच धरला. कोल्हापूरहून एस. टी. निघाली, आंबा घाट उतरली आणि हवा अंगाला चिकटू लागली. भाट्याच्या किनाऱ्यावर मी जन्मात प्रथम समुद्र पाहिला. एवढे पाणी, आणि त्यातले ओंजळभरही पिण्याजोगे नाही! दुष्काळी गावातल्या माणसाच्या मनात दुसरे काय येणार?

मिरकरवाड्यातले त्याचे घर दोन खोल्यांचे. आम्ही माळकरी हे ठाऊक असल्याने त्याच्या आईने माझ्यासाठी कोरे पातेले आणून ठेवले होते. "लाजू नको रे बाळा, घर तुजाच हाय," असे म्हणत तिने भात वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाव पाहिले. १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला ते घर पाहिले. इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा पाहिला. १९१० साली तो बांधून झाला आणि १९१६ साली राजा रत्नागिरीतच वारला. टेकडीवरच्या त्या वाड्यातून समुद्र दिसतो. पण राजाला त्यावरून परत जाता आले नाही. मग पतितपावन मंदिरात गेलो. सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले हे मंदिर १९३१ साली सर्व जातींसाठी खुले झाले. तिथे बसून मी वक्तृत्वस्पर्धेतले समतेवरचे भाषण मित्राला पुन्हा ऐकवले. त्यानेही मान डोलावली.

संध्याकाळी रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन घेतले. तटावरून खाली बंदरातल्या होड्या दिसत होत्या. "उद्या तिकडे जाऊ," मी म्हणालो.

"काय आहे तिथे? नुसता वास," असे म्हणून त्याने विषय बदलला.

पहाटे जाग आली तेव्हा त्याचे अंथरूण रिकामे होते. आईही नव्हती. कालवा ऐकू येत होता त्या दिशेने मी चालत गेलो. धक्क्यावर होड्या लागल्या होत्या. बांगडे, तारल्या यांचे ढीग पडले होते आणि लिलाव पुकारला जात होता. त्या गर्दीत कंबर कसून त्याची आई भावासाठी भांडत होती आणि माझा मित्र, आमच्या वर्गात इंग्रजीत पहिला येणारा, अनवाणी पायांनी टोपल्यांत बर्फ भरत होता. मला पाहताच त्याने मान खाली घातली.

काय बोलावे ते मला सुचेना. मी टोपलीचा दुसरा कान धरला. टोपली उचलता उचलता म्हणालो, "माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आमची शेती दीड एकर, तीही खडकाळ."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हसला. "कालचे भाषण चांगले होते हां!" तो म्हणाला, आणि मला स्वतःची लाज वाटली. जगाला समता सांगणारे आम्ही दोघे, आपापली आई मात्र वर्षभर एकमेकांपासून लपवून बसलो होतो! त्या दोघींच्या हातांवर तर आमची फी भरली जाते.

सुट्टी संपली. परवा सवलतीचे अर्ज भरताना 'पालकाचा व्यवसाय' या रकान्याशी आम्ही दोघेही थांबलो. त्याने 'मासेविक्री' लिहिले. मी 'शेतमजुरी' लिहिले. अक्षर दोघांचेही चांगले आले होते.