किल्ल्यातले घर

किल्ला म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे ढासळलेले बुरूज आणि तटात रुजलेले पिंपळ उभे राहतात. इंग्लंडच्या दक्षिणेस, ससेक्स परगण्यात, अरुण नदीकाठचा अ‍ॅरंडेलचा किल्ला पाहावयास गेलो तेव्हा मात्र गालिच्यांच्या कडेकडेने हिंडावे लागले.

१०६७ च्या सुमारास रॉजर द माँगोमेरीने मातीचा उंचवटा रचून हा किल्ला वसविला. १६४३-४४ च्या यादवीत तोफांनी त्याची दैना केली. आज दिसतो तो बराचसा भाग नॉरफोकच्या पंधराव्या ड्यूकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधला. दिवाणखाने भव्य आहेत, एवढे म्हटले तरी पुरे.

ग्रंथालयात मात्र आमचे पाय रेंगाळले. महोगनी लाकडाच्या कमानींखाली उभे राहिले की एखाद्या जुन्या चर्चमध्ये आल्यासारखे वाटते. १८०० च्या सुमारास हे दालन उभारणाऱ्या अकराव्या ड्यूकने १७८० साली कॅथलिक श्रद्धा सोडून संसदेत प्रवेश मिळविला होता. कॅथलिकांना तेव्हा संसदेचे दार बंद होते. ज्याने आपले चर्च सोडले, त्यानेच ग्रंथांसाठी असे चर्च बांधावे!

याच घराण्यातले संत फिलिप हॉवर्ड १५८० साली अ‍ॅरंडेलचे अर्ल झाले आणि १५८४ साली कॅथलिक श्रद्धेत परतले. पुढच्याच वर्षी देश सोडून जाताना समुद्रावर पकडले जाऊन ते लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवान झाले. १५८९ साली त्यांना देहदंड सुनावला गेला, पण तो अमलात आला नाही. तो दिवस कधी उजाडेल याची वाट पाहणेच त्यांच्या वाट्याला आले. अखेरच्या आजारात त्यांनी पत्नीला आणि कधीच न पाहिलेल्या मुलाला भेटण्याची विनंती केली. एकदा प्रॉटेस्टंट उपासनेस हजर राहा, मग भेटही होईल आणि सुटकाही, असा राणी एलिझाबेथचा निरोप आल्याचे सांगतात. ते गेले नाहीत. १५९५ साली कैदेतच त्यांचा अंत झाला.

आणि तो मुलगा? थॉमस हॉवर्डने १६१६ च्या सुमारास इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा स्वीकार केला. संतचरित्र सांगताना हा भाग सहसा गाळला जातो. पण १६२४ साली आईबरोबर राजाची परवानगी मिळवून पित्याच्या अस्थी टॉवरमधून बाहेर काढविणाराही तोच. ज्या पित्याचे मुख पाहिले नाही, त्याला त्याने घरी आणले.

त्या अस्थी किल्ल्याच्या आवारातील फिट्झअ‍ॅलन चॅपेलमध्ये विसावल्या. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी फिलिप यांना संतपद दिले आणि १९७१ साली अस्थी गावातल्या कॅथेड्रलमध्ये नेण्यात आल्या. १३८० साली स्थापिलेले हे चॅपेल कॅथलिक. त्याच छपराखालचे सेंट निकोलस चर्च अँग्लिकन. चॅपेल कोणाचे यावरून १८७९ साली ड्यूक आणि तेथील धर्मगुरू न्यायालयात उभे राहिले. मध्ये विटांची भिंतही आली होती. आता तेथे लोखंडी जाळी आणि काच आहे.

आम्ही प्रार्थना करून उठलो तेव्हा काचेपलीकडे एक वृद्ध बाई फुलदाणीत फुले लावीत होत्या. त्यांनी मान लवविली, आम्हीही लवविली.