अंदाज आणि आवाज

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी बिनतारी यंत्रासाठी लागणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या स्वतः फुंकून घडवीत. एखादी नळी निकामी झाली की पुन्हा नव्याने आरंभ. त्यांच्या ‘9एक्सएम’ केंद्रावरून 1916 च्या अखेरीस हवामानाचा अंदाज जाऊ लागला, पण मोर्सच्या संकेतांत. कापलेले गवत शिवारात वाळत घालून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते संकेत कसे उमगावेत? जाणकार जवळ असला तर ठीक. एरवी इशारा माथ्यावरून निघून जाई, आणि एका सरीत गुरांची हिवाळ्याची बेगमी कुजून जाण्याचे भय उरे.

3 जानेवारी 1921 पासून तोच अंदाज मानवी आवाजात नियमित ऐकू येऊ लागला. पुढे बाजारभाव आले. शेतीचे व गृहव्यवस्थेचे पाठही आले. राज्याची सीमा तीच विद्यापीठाची सीमा, हे त्या संस्थेचे ध्येय घराघरांत पोहोचले.

पाऊस टेरींना थांबवता आला नाही. तो येण्यापूर्वी गवत झाकण्याइतका अवधी मात्र त्यांनी शेतकऱ्याला मिळवून दिला. विद्यादान ऐकणाऱ्याच्या कानाशी पूर्ण होते.