अधिवेशन बघायचंच होतं

2021च्या दिवाळीआधी बहिणीनं व्हॉट्सॲपवर एक झलक पाठवली. झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमात ‘दिवाळी अधिवेशन’ होणार, त्यातल्या थुकरटवाडी गावाची मंडळी पुढाऱ्यांच्या सोंगात येणार. मला ते बघायचंच होतं. पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या घरात झी मराठी दिसत नव्हतं.

घरात दूरदर्शनची फ्री डिश. एकदा बसवली की महिन्याचं भाडं नाही. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सह्याद्रीच्या बातम्या पुरायच्या आणि मला जुने मराठी सिनेमे. पैसे भरून चॅनेल घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती. मुदाळ तिट्ट्याहून डिशवाला पोरगा बोलावला. बॉक्सकडं बघूनच तो म्हणाला, “काकी, ह्यो फुकटातला हाय. ह्याच्यावर झी न्हाई यायचं.”

त्यानंतर त्यानं जे काही सांगितलं, ते मी कागदावर लिहून घेतलं, तरी डोक्यात शिरेना. पैसे भरायच्या डिशला 2019 पासून तेव्हा नियम असा होता, की 130 रुपयांपर्यंत मूळ भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि वर हव्या त्या चॅनेलांचे पैसे वेगळे. चॅनेल सुटं घ्या, नाहीतर पॅकमध्ये घ्या. एकाच चॅनेलचे साधा आणि एचडी असे दोन प्रकार, दोन्हींचा दर वेगळा, कार्यक्रम मात्र तोच. मला एका कार्यक्रमापुरतं हवं होतं आणि हातात आली ती भलीमोठी यादी. “मोबाइलवर झी फाइव्ह घ्या की,” पोरगा म्हणाला. त्यातही काही फुकट, काहीला वर्गणी. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर मामांना काय दिसणार? आणि मामांशिवाय मला ते बघायचं नव्हतं. शेवटी दुसऱ्या कंपनीची जोडणी आणि त्यात साधं चॅनेल घ्यायचं ठरलं.

छत्री फिरवायला पोरगा स्लॅबवर चढला. तेव्हा कळलं, की फ्री डिश येते ती जीसॅट-15 उपग्रहावरून, 93.5 अंश पूर्वेला, आणि आम्ही घेतलेल्या कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी. आपल्याकडनं दोन्ही आग्नेयेच्याच अंगाला, पण छत्रीचं तोंड बोटभर सरकलं तरी पडदा काळा. तो वरनं ओरडायचा, “किती दावतंय?” मी खिडकीतनं सांगायची, “चाळीस!” नट ढिला, छत्री जराशी डावीकडं, पुन्हा “आता?” “बासष्ट!” तेवढ्यात साखर कारखान्याचा भोंगा झाला आणि माझा आकडा त्याला ऐकूच गेला नाही. बऱ्याच वेळानं पडद्यावर रंग उमटले आणि मी तिथंच टाळी वाजवली.

अधिवेशनाच्या रात्री जेवणं लवकर उरकली. मामा खुर्ची पुढं ओढून बसले. खरा गोंधळ आता सुरू झाला. मला कलाकार ओळखू येत होते: भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे. पण त्यांनी कुणाचं सोंग घेतलंय, हे निम्म्या वेळा कळेना. पुढारी मी फ्लेक्सवर बघितलेले. ते बोलतात कसे, हात कसा उडवतात, हे कधी निरखलंच नव्हतं. मामा मात्र पात्र पडद्यावर आल्याआल्या हसायचे आणि मग मला समजावून सांगायचे: ह्यो कुठल्या पक्षातनं कुठं गेला, ह्याचं त्याच्याशी का बिनसलं. त्यांचं सांगून होईस्तोवर पुढचा विनोद निघून गेलेला असायचा. तरी मला ते आवडत होतं. शाळेत नागरिकशास्त्र शिकताना एवढं राजकारण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

जाहिराती लागल्या की मामा वगावर घसरायचे. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि त्यातला दादा कोंडक्यांचा हवालदार. मग जत्रेतले तमाशे. बतावणीत सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या सरपंचाचं थेट नाव घ्यायचा म्हणे. सरपंच हसला तर हसला, नाहीतर उठून गेला. जे काय व्हायचं ते त्याच मांडवात, सगळ्यांदेखत. पुढं दूरदर्शनवर 1989 साली जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ लागायचा, तोही त्यांना आठवत होता. “आपल्या कारखान्याच्या सभंवर कोण करंल का असलं?” ते मधेच म्हणाले. मला वाटतं, तेच तर राहून गेलंय. मुंबईतल्या पुढाऱ्यांची नक्कल घरोघरी पोचली, पण ऊसदर, वाहनधारक आणि सभेतला माइक यांवर जाहीरपणे हसवणारा सोंगाड्या गावाजवळ उरला नाही.

नंतर मोबाइलवर त्याच कार्यक्रमाचे तुकडे फिरायला लागले. एखादं मिनिट, एखादं पात्र. आधीचं-पुढचं काहीच नाही. काही दिवसांनी बातमी आली, की त्यातल्या एका पात्रावरून राजकीय नेते नारायण राणे यांचे चाहते नाराज झाले होते आणि कार्यक्रमाचे सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी राणे यांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. गल्लीत त्यावर जोरात चर्चा झाली. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी फक्त तुकडा बघितला होता. राणे यांच्या चाहत्यांना दुखावलं की नाही, हे मी कोण ठरवणार? पण ज्यावर वाद घालायचा, तो भाग आधी अख्खा बघावा, याबद्दल मी ठाम आहे आणि तिथं तसं बोललेही.

महिना भरला तशी पडद्यावर रिचार्जची सूचना आली. मामांनी पाकिटातनं पैसे काढून दिले. तेव्हापासून सोमवार-मंगळवारी कार्यक्रम लागायच्या, म्हणजे साडेनऊच्या, आत मी पेपर वाचून ठेवायला लागले आणि ज्याचा संदर्भ लागत नाही, त्या पुढाऱ्याबद्दल मामांना जाहिराती लागायच्या आधीच विचारून घ्यायला लागले.