उडीची सवय

पनवेलच्या एस.टी. स्थानकाजवळच्या एका गाळ्यात आम्ही नव्वदच्या दशकात जे शिकलो, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकात कधी उमटले नाही. गाळ्यात चार लाकडी पेट्या होत्या. प्रत्येकीला एक पडदा, दांड्या आणि बटणे. एक रुपयाचे नाणे टाकले की 'स्ट्रीट फायटर टू' सुरू होई. कॅपकॉम या जपानी कंपनीने हा खेळ १९९१ साली काढला. आमच्यापर्यंत तो माहितीपुस्तिकेविनाच पोहोचला. त्यामुळे सारी विद्या कर्णोपकर्णी. दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे आणि लगेच ठोशाचे बटण, की रियूच्या तळव्यांतून निळा गोळा सुटे. त्या गाळ्यात आम्ही थोडेफार नाव राखून होतो. आमचे हत्यार एकच, उडी. समोरच्याच्या अंगावर झेपावायचे, वरून लाथ, उतरताच पायांत लाथ. ती अडवावी कशी, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते.

पुढे नोकरी आली, संसार आला. गाळ्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान झाले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता पन्नाशीकडे सरकलो. गेल्या वर्षी भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला, तो २०२३ सालचा 'स्ट्रीट फायटर सिक्स' घेऊनच. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने रियू निवडला आणि झेपावलो. भाच्याचा केन खाली शांत उभा होता. त्याने वर उसळून ठोसा मारला आणि आम्ही हवेतूनच आडवे झालो. असे सलग अकरा डाव. शेवटी तो म्हणाला, "मामा, तू सारख्या उड्या का मारतोस?"

आम्ही वयाकडे बोट दाखवले. त्याने सरावाचा पडदा उघडला. हा खेळ सेकंदाचे साठ भाग करतो आणि प्रत्येक हालचाल त्या भागांत मोजून दाखवतो: आघात सुरू व्हायला किती भाग, तो लागू शकतो ते किती, आणि नंतर स्वतःला सावरायला किती. सावरण्याच्या त्या काळात आपण उघडे असतो. उडी तर याहून वाईट. एकदा पाय सुटले की वाट बदलता येत नाही आणि समोरच्याला विचार करायला भरपूर अवधी मिळतो. बोटे मंदावली होती हे खरेच. पण आम्ही हरत होतो ते समोरचा काय करतो आहे हे न पाहताच निर्णय घेऊन टाकल्यामुळे.

मग आठवडाभर उडी बंद. आम्ही आणखी हरू लागलो. पण जमिनीवर राहिल्यावर अंतर दिसू लागले. खालची लाथ बसून अडवायची, वरून येणारा घाव उभे राहून. आणि नुसतेच अडवत बसणाऱ्याला समोरचा धरून आपटतो. म्हणजे प्रत्येक क्षणी माणूस वाचावा लागतो.

या खेळातला जगप्रसिद्ध पुनरागमनकर्ता म्हणजे दाइगो उमेहारा. मध्यंतरी तो खेळ सोडून वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करीत होता. परतला आणि २००९ व २०१० साली 'इव्हो' ही स्पर्धा जिंकला. हा दाखला आम्ही वडाळे तळ्याकाठच्या फेरीत भाच्याला ऐकवला. तो नुसता हसला. त्याचे बरोबर होते. उमेहारा गेला तेव्हा जगातल्या उत्तमांपैकी होता. आम्ही एका गाळ्यातले.

जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले. नेहमीच्या कवितेची टिपणे काढली आणि हात थबकला. पहिले वाक्य तेच, तिसऱ्या मिनिटाचा विनोद तोच, शेवटच्या ओळीचा अर्थही तोच. अठरा वर्षे. ही आमची उडीच होती. खेळात पराभव दीड-दोन मिनिटांत पडद्यावर लिहून येतो. वर्गात तो येत नाही. मुले मुकाट्याने उतरवून घेतात आणि परीक्षेत आमचेच वाक्य आम्हाला परत करतात. ते आम्ही यश समजत आलो.

टिपणे घरी ठेवून वर्गावर गेलो. कविता दोनदा वाचली आणि विचारले, काय वाटते? शांतता. काही नजरा खिडकीबाहेर गेल्या, काही मोबाइलकडे. तास जवळजवळ फसलाच. घंटा व्हायच्या बेतात असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ही शेवटची ओळ मला पटत नाही. ती नसती तरी चाललं असतं."

अठरा वर्षांत त्या ओळीवर कुणी हरकत घेतली नव्हती. आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. आम्ही तिला ओळ पुन्हा वाचायला सांगितली आणि ऐकत उभे राहिलो.

भाच्याशी दहा डाव खेळलो तर अजून आठ हरतो.