नावेत राहिलेला जब्दी

मैसूरहून तिरुमकूडल नरसीपूरकडे गेलं की कावेरी आणि कपिला यांचा संगम लागतो. त्याच टापूत सोसले हे गाव आहे. त्याचं नाव दूरवर पोहोचलं ते तिथल्या व्यासराज मठामुळे. व्यासतीर्थांची परंपरा सांगणारा हा माध्व मठ. व्यासतीर्थही याच भागातल्या बन्नूरचे, जन्म साधारण १४६० चा. मूल झालं तर ते ब्रह्मण्यतीर्थांच्या ओटीत घालू, असा शब्द त्यांच्या आईवडिलांनी आधीच देऊन ठेवला होता, असं परंपरा सांगते. शब्द पाळला गेला. मुलगा संन्यासी झाला, विजयनगरच्या दरबारात मानाला चढला, आणि आपलं सगळं धन वाटून टाकणारे पुरंदरदास त्याच्या शिष्यांत गणले गेले. चरित्राचा उजेड मुलाबरोबर पुढे सरकतो. आईवडील मागेच राहतात.

बोलावणं एकाला येतं, आणि त्याची किंमत घरात उरलेले मोजत बसतात. ख्रिस्ती शिष्यत्वाची कथा तर इथूनच सुरू होते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू गालीलच्या सरोवराकाठून जातो. पेत्र आणि अंद्रिया जाळी टाकून निघतात. थोडं पुढे याकोब आणि योहान जाळी नीट करत बसलेले असतात. तेही उठतात, आणि बाप जब्दी नोकरांसह नावेतच राहतो. मार्क हे सारं एका वाक्यात उरकतो. त्या संध्याकाळी जब्दीने मासे कसे विकले, घरी जाऊन बायकोला काय सांगितलं, याच्याशी त्याला काही घेणं नाही. नोकर ठेवण्याइतका धंदा होता, म्हणजे घर अगदीच फाटकं नसावं. पण दोन कर्ते मुलगे एका सकाळी निघून गेले, ते गेलेच. त्यांतला याकोब पुढे हेरोद अग्रिप्पाच्या तलवारीला बळी पडला. त्यांची आई मात्र मुलांच्या मागोमाग गेलेली दिसते. एकदा ती मुलांसाठी उजवीडावीकडची आसनं मागायला येते, आणि क्रूसापाशी दुरून पाहणाऱ्या बायकांतही तिचा उल्लेख आहे. जब्दीला स्वतःला पुन्हा बोलायची संधी मिळत नाही.

येशूने किंमत लपवली होती, असं कुणी म्हणू शकणार नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला लूकने त्याच्याच तोंडी नोंदवला आहे. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्यालाही तो थांबू देत नाही. अडचण एवढीच की हिशेब करायला बसतो तो बांधणारा. पैसे दुसऱ्याच्या गाठीचेही जातात.

हे सर्वांत उघडपणे दिसतं ते इसवी सन २०३ मधल्या कार्थेजच्या तुरुंगात. विबिया पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल असलेली. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेली टिपणं टिकली आहेत, म्हणून तिचा बाप आपल्याला दिसतो. तो पुन्हापुन्हा येतो. आधी रागावतो, मग पांढऱ्या केसांची आण घालतो, मुलीचे हात धरतो, तिच्या पाया पडतो. सुनावणीच्या वेळी बाळ घेऊन उभा राहतो आणि निदान या लेकरासाठी तरी माघार घे म्हणतो. न्यायासनावरचा हिलारियानुस त्याला छडीने मारून खाली ढकलायला लावतो. तो मार जणू आपल्यालाच बसला, असं वाटल्याचं पर्पेतुआ लिहिते; निर्णय मात्र बदलत नाही. चर्चने तिला संत म्हणून जपलं आणि ते योग्यच होतं. पण ही टिपणं वाचताना गळा दाटून येतो तो म्हाताऱ्यासाठी. (नवऱ्याचा तर तिच्या टिपणांत उल्लेखच नाही. त्याचं काय झालं असावं, यावर विद्वान अजून वाद घालतात.)

सगळेच पर्पेतुआ नसतात. २५० साली सम्राट डेसियसने साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. असंख्य ख्रिस्ती लोक वाकले, काहींनी पैसे देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसं परत दाराशी आली आणि चर्चमध्येच भांडण लागलं. यांना आत घ्यायचं की नाही? कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ च्या सभेत प्रायश्चित्ताची वाट मोकळी ठेवली. रोममध्ये नोव्हेशियनला ते पटलं नाही. त्याने वेगळी चूल मांडली.

हाच प्रश्न सोसलेच्या वरच्या अंगाला, कावेरीच्याच बेटावर, साडेपंधरा शतकांनी पुन्हा उभा राहिला. १७८४ च्या फेब्रुवारीत टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना पकडून घाटावर श्रीरंगपट्टणला आणलं. युद्धात त्यांनी इंग्रजांना मदत केल्याचा त्याला संशय होता. ही कोकणी बोलणारी माणसं, पुष्कळांची मुळं गोव्यातली. हजारोंचा हा तांडा घाट चढताना आणि पुढच्या बंदिवासात किती मेला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अनेकांना बळाने मुसलमान केलं गेलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा उरलेल्यांपैकी बरेच किनाऱ्याकडे परतले.

श्रीरंगपट्टणच्या टापूतल्या विस्कटलेल्या ख्रिस्ती वस्त्या सावरायला आला तो आबे द्युब्वा हा फ्रेंच पाद्री. हा माणूस सुती वस्त्रं नेसे, दाढी राखे, गावकऱ्यांसारखा राही, देवी टोचण्याचा प्रसारही करी. हिंदू चालीरीतींवरच्या त्याच्या ग्रंथाचं हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने १८०७ मध्ये विकत घेतलं. पण १८२३ मध्ये छापलेल्या पत्रांत तो फार कठोर होतो. टिपूने धरून नेलेल्या एवढ्या हजारोंत धर्मासाठी मरायला एकही तयार झाला नाही, याची त्याला खंत वाटते. पंचवीस वर्षांत आपल्या हातून दोनतीनशे माणसं ख्रिस्ती झाली, तीही बहुतेक गावकुसाबाहेरची नाहीतर भिकारी, हे तो नाक मुरडत नोंदवतो. द्युब्वा स्वतः १७९२ मध्ये, दीक्षा मिळाली त्याच वर्षी, क्रांतीच्या धुमाळीतून बाहेर पडला होता. मुलंबाळं घेऊन घाट चढलेल्या माणसांकडून हौतात्म्य मागण्याचा अधिकार त्याला कुणी दिला, असं विचारावंसं वाटतं. सिप्रियन यापेक्षा शहाणा होता.

मराठी मुलखात हा हिशेब एका बारातेरा वर्षांच्या पोरावर येऊन पडला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि अज्ञान म्हणून मुलगा बापाच्या हवाली झाला. पुढे काय? ख्रिस्ती घरचं अन्न पोटात गेलेलं, जात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून कंबर कसली, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच बहिष्काराची कुऱ्हाड उगारली. नारायण शेषाद्रींचं नाव पुढे जालन्याजवळच्या बेथेल वस्तीमुळे मोठं झालं. त्यांच्या बोलावण्याचा वाद झेलला तो श्रीपतने, त्याच्या बापाने आणि ज्यांचा या बाप्तिस्म्याशी काही संबंध नव्हता त्या बाळशास्त्रींनी.

यात फक्त ख्रिस्ती धर्माला बोल लावायचं कारण नाही. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी रुक्मिणीला मागे ठेवून काशीत संन्यास घेतला आणि गुरूच्या सांगण्यावरून परत संसार मांडला. त्याची शिक्षा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चार लेकरांना भोगावी लागली. महाराष्ट्र हे विसरलेला नाही.

मग आलं टिळकांचं घर. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्यांच्या आधाराला होत्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरात पाऊल टाकलं तर आपणही बाटणार. अशी काही वर्षं गेली. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी आपली चूल आणि आपलं सोवळं काही काळ वेगळंच ठेवलं. विचार पालटला तो हळूहळू, स्वतःच्या डोक्याने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मात्र सोडणं थांबवलं नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरीही टाकली आणि ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी केली. दोन वर्षांत ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट होतं, तेही बहुतांशी लक्ष्मीबाईंनीच पुढे नेलं.

या सगळ्या कथांत लक्ष्मीबाईंचं वेगळेपण हे, की नावेत राहिलेल्या माणसाने इथे स्वतः लेखणी हाती घेतली. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचा भाबडेपणा, उपासमार, विरह हे सगळं हसत सांगितलं आहे. टिळकांवर त्यांचं प्रेम होतं आणि त्यांच्या प्रभूवरही. तरी त्या दोघांपैकी कुणालाही त्यांनी हिशेबातून सूट दिलेली नाही. टिळकांचं शिष्यत्व ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने ‘ख्रिस्तायन’ बाजूला ठेवून आधी ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घ्यावं.