व्हेनिसमधला लाल रेनकोट

घरातलं माणूस अचानक गेलं की मागे राहिलेले काही दिवस तपासच करत बसतात. सकाळचा चहा अर्धा का टाकला होता, फोनवर आवाज जरा ओढलेला नव्हता का, अर्धा तास उशिरा निघाला असता तर? प्रत्येक किरकोळ गोष्टीचा पुरावा होतो. गुन्हेगार सापडत नाही, कारण मुळात गुन्हाच नसतो. पण फाइल काही बंद होत नाही. दुःखाच्या गोष्टीला रहस्यपटाचा साचा इतका चपखल बसतो तो मला वाटतं यामुळेच. आणि दिग्दर्शक निकोलस रोगच्या ‘डोन्ट लुक नाऊ’त (१९७३) तो जसा बसलाय तसा क्वचितच कुठे बसला असेल.

सिनेमा दाफ्ने द्यू मोरिए यांच्या कथेवरचा. कथेत जॉन आणि लॉरा या जोडप्याची लहान मुलगी मेनिंजायटिसने जाते. सिनेमात रोगने तिला घराजवळच्या तळ्यात बुडवलं. आजारात माणूस हातून निसटताना निदान दिसतं तरी. बुडण्यात ‘दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर’ कायमचं मागे लागतं.

ती सुरुवात नीट पाहण्यासारखी आहे. रविवारची निवांत दुपार. बाहेर लाल रेनकोट घातलेली पोर चेंडू खेळतेय. आत जॉन एका चर्चच्या स्लाइड तपासतोय. एका स्लाइडमध्ये बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलंय, लाल टोपडं घातलेलं. त्याच्या हातून पाण्याचा ग्लास कलंडतो आणि त्या आकृतीतला लाल रंग ओघळून चित्रभर वळसा घेत पसरायला लागतो. जॉन काही न बोलता उठतो, बाहेर धावत सुटतो. कुणी हाक मारण्याआधीच त्याला कळलंय. तरीही उशीर झालाय. थोड्या वेळाने दारात आलेली लॉरा किंचाळते आणि त्या किंकाळीतूनच व्हेनिसमधल्या ड्रिल मशीनचा आवाज सुरू होतो. मधले दिवस, अंत्यविधी, सांत्वनाला आलेली माणसं, सगळं त्या एका कटमध्ये गिळलेलं. ज्यांच्यावर असा प्रसंग गुदरलाय त्यांना मधले दिवस असेही कुठे आठवतात?

व्हेनिसमध्ये जॉन एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम करतोय. ऋतू थंडीचा, पर्यटक पांगलेले, हॉटेलातल्या खुर्च्यांवर चादरी पडलेल्या. पर्यटनाच्या माहितीपत्रकात छापतात ते व्हेनिस इथे नाही. ओल धरलेल्या भिंती आणि फिरून फिरून त्याच पुलावर आणून सोडणाऱ्या गल्ल्या आहेत. संगीत देणारा पिनो दोनाज्जो याच भागातला, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा.

तिथे दोन वयस्कर बहिणी भेटतात. त्यातली आंधळी सांगते, तुमची मुलगी मला दिसली, तुमच्या दोघांच्या मध्ये बसून हसत होती. लॉरा चक्कर येऊन पडते, टेबलावरचं सगळं घेऊन. पण शुद्धीवर येते ती हलकी होऊन. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की घरच्यांचे चेहरे जसे सैल पडतात, तशी. ते खरं की खोटं, या वादात मला रस नाही. लॉरा त्यानंतर नवऱ्याच्या जवळ जाऊ शकते, हे खरं. त्या प्रणयदृश्याची तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. रोगने त्यात नंतर कपडे घालून जेवायला निघणारे ते दोघे मधून मधून पेरले आहेत, त्यामुळे जवळीक घडत असतानाच ती होऊन गेल्यासारखी वाटते. नवरा-बायकोचं इतकं ओळखीचं एकत्र असणं मी पडद्यावर फारसं पाहिलेलं नाही.

जॉनला मात्र असलं काही चालत नाही. तो कामाचा माणूस. जुन्या मोझेकमध्ये शोभतील असे नवे तुकडे हातात घेऊन रंग जुळवत बसतो. गंमत अशी की पुढचं दिसण्याची देणगी खरी त्यालाच आहे. त्यांना एक मुलगाही आहे; त्याला अपघात झाला म्हणून लॉरा इंग्लंडला गेलेली असताना त्याला ती कालव्यातून जाणाऱ्या नावेवर काळ्या कपड्यांत, त्या बहिणींसोबत दिसते. तो पोलिसांत जातो. बायकोला पळवलंय, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने स्वतःचीच अंत्ययात्रा पाहिलेली असते.

व्हेनिस सोडा, जिवाला धोका आहे, हे त्याला आधीच सांगून झालेलं असतं. इथे रोग फार निष्ठुर होतो. इशारा खरा होता, वेळेत आला होता, कानावरही पडला होता. तरी काही टळलं नाही. आपल्या त्या सगळ्या ‘तर’ना त्याने यात जागाच ठेवलेली नाही.

शेवट पुष्कळांना पटत नाही. लाल कोटातल्या ठेंगण्या आकृतीमागे जॉन रात्रीच्या गल्ल्यांतून धावतो. भुताखेतांवर विश्वास नसलेला हा बाप कोपऱ्यात हुंदके देणाऱ्या त्या पाठीला धीर देत पुढे होतो, आणि वळतो तो एका वयस्क बाईचा चेहरा. सिनेमाभर शहरात खून होत असतात, ते करत फिरणारी हीच. एवढं सगळं करून हे? असा वैताग पहिल्यांदा येतोच. ब्रिटनमध्ये हा सिनेमा ‘द विकर मॅन’च्या जोडीने एका तिकिटात दोन म्हणून दाखवला गेला, भयपट पाहायला आलेल्यांना तरी तो धक्का पुरला असेल. मला आता दुसरा कुठलाच शेवट चालणार नाही. सिनेमाभर आपण जॉनसारखेच लाल रंगाचे ठिपके जोडत आलेलो असतो, त्यातून काहीतरी अर्थ निघेल म्हणून. त्या बाईचा मुलीशी, तळ्याशी, जॉनशी काहीएक संबंध नाही. कोटाचा रंग तेवढा सारखा निघाला.