पवनारच्या खडकावरून समुद्र

साठी उलटेपर्यंत आम्ही समुद्र पाहिला नव्हता, हे सांगावयास संकोच वाटतो; परंतु आमच्या वर्धा जिल्ह्यात असे गृहस्थ पुष्कळ निघतील. गेल्या मार्गशीर्षात चिरंजिवांनी मोटार काढली आणि सूनबाई, नात व आम्ही उभयता दाभोळपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. वाटेत वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या मोटारीसकट बोटीतून ओलांडाव्या लागतात. गणपतीपुळे मागे टाकून आरे-वारेच्या चढावर आलो, तो रस्ता एकदम कड्याच्या काठाने जाऊ लागला. उजव्या हातास खाली पाणी. त्यास अंत म्हणून नव्हता.

नात चित्रकलेची विद्यार्थिनी. ती चित्रवही घेऊन बसली. श्लोकरचनेची जुनी खोड अद्याप गेली नसल्यामुळे आम्हीही टिपणवही उघडली. तासाभराने पाहतो तो दोघांचीही पाने कोरी! “आजोबा, एवढे सगळे कागदावर कोठून सुरू करायचे?” तिने विचारले. आम्हांस तरी कोठे ठाऊक होते? किनाऱ्यावर फुटणारा फेस पाहून एक उपमा मात्र सारखी मनात येत होती, आणि ती आपली नव्हे, कोणाची तरी वाचलेली आहे, एवढेच जाणवत होते. कालिदास, भारवी, माघ, सारे मनातल्या मनात चाळून झाले. सापडली नाही.

परत आल्यावर पौषात एका सकाळी नातीस घेऊन पवनारास गेलो. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने ते अवघे ८ किलोमीटर. धाम नदीचे पात्र येथे काळ्या खडकांचे आहे, आणि काठावर विनोबांचा आश्रम. १९३८ साली विनोबा येथे राहावयास आले. पुढे जमीन खणताना प्राचीन शिल्पे वर आली. त्यांतील भरत-रामभेटीचे शिल्प आश्रमात अवश्य पाहावे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले. अलीकडे काही संशोधक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. आम्ही पवनारचे पक्षपाती आहोत, हे कबूल करतो.

याच प्रवरसेनाचे पाचव्या शतकातील ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातील काव्य १५ आश्वासांचे आहे. दंडीने त्यास सुभाषितरत्नांचा सागर म्हटले आणि बाणाने कवीची कीर्ती या सेतूवरून समुद्रापलीकडे गेल्याचे लिहिले. त्याचा दुसरा आश्वास सागरवर्णनाचा. आणि येथून समुद्र तर शेकडो मैल दूर!

“राजाने समुद्र पाहिला होता का?” नातीने विचारले. ती खडकावर बसून धामेकडे पाहत होती आणि कागदावर मात्र आरे-वारेचा कडा उतरत होता.

त्या प्रश्नासरशी ती उपमा कोणाची, हे आम्हांस आठवले. चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही वर्गास समुद्रावर निबंध घातला होता. आर्वीकडील एका शेतकऱ्याच्या मुलाने लिहिले होते की, वेचणीस आलेल्या कापसाच्या शेतावरून वारा गेला म्हणजे जसे पांढरे हलते, तसा समुद्राचा फेस असावा. आम्ही त्या वाक्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली, समासात ‘न पाहिलेले लिहू नये’ असा शेरा दिला आणि दहांपैकी दोन गुण ठेवले. वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले, मुले हसली, हेही आता लपवीत नाही. त्यानंतर तो मुलगा निबंधात ठरावीक दहा ओळींवर अकरावी कधी लिहीत नसे.

आम्ही हे सारे नातीस सांगितले. तिने कुंचला पाण्यात बुडविला.

“फेस कसा होता म्हणाला तो?”

आम्ही पुन्हा सांगितले. तिने पांढरा रंग घेतला.